उशिरा आलेली गटारी

गटारी नेमकी कुठल्या शनिवारी करायची यावरून आमच्याकडे दरवर्षी भांडण होतं. क्राइस्टचर्चमध्ये, रिकार्टनच्या घरात हीटर लावून बसलेली आम्ही माणसं, आणि भांडतो कशावरून, तर आषाढातली अमावस्या कधी पडते यावरून! एरवी मी या भांडणात हौसेने पडते. मला भांडायला आवडतं, हे आमच्या ओळखीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या वर्षी मी हौसेने भांडत नव्हते. मला भीती वाटत होती. आणि भीती वाटली की माझा आवाज चढतो, आवाज चढला की सगळे म्हणतात, झालं हिचं सुरू, आणि मग मी काय सांगतेय ते कुणी ऐकतच नाही.

आमची गटारी म्हणजे बर्फाची ट्रिप. तिकडे आषाढ तेव्हा इकडे हिवाळा. आम्ही नवीन आलो तेव्हा नवऱ्याच्या ऑफिसमधला एक मित्र, तोही पुण्याचाच, म्हणाला, श्रावण लागायच्या आत डोंगरात एखादं घर भाड्याने घेऊ, मटण करू, वडे तळू आणि गोठलेल्या तळ्यावर घसरू. त्याची बायको श्रावण कडक पाळते, तेव्हा जे काय खायचं ते आधीच. तेव्हापासून तो दरवर्षी दिनदर्शिका उघडून तारीख काढतो आणि आम्ही दोन कुटुंबं जातो. त्याला आम्ही पंचांगवाला म्हणतो. त्याला ते आवडतं.

पहिल्या वर्षांचा तो बर्फ मी कधी विसरणार नाही. शहरापासून काही तास आत, पिवळ्या गवताच्या डोंगरांमध्ये एक उथळ तळं होतं. तिथला क्लब रोज सकाळी बर्फाची जाडी बघायचा आणि फाटकावर हिरवी पाटी लावायचा. हिरवी पाटी म्हणजे चला. अख्खं गाव तिथे लोटलेलं असायचं. म्हाताऱ्या बायका गुडघ्यापर्यंतचे मोजे घालून गोल गोल फिरायच्या, कुणी सॉसेज भाजत असायचं, लहान मुलं प्लास्टिकच्या खुर्च्या ढकलत ढकलत चालायला शिकायची. माझा नवराही खुर्ची ढकलतच शिकला. पहिल्या दिवशी तो इतका आपटला, की पंचांगवाल्याच्या बायकोने त्याच्या पार्श्वभागाला उशी बांधायची तयारी केली होती. मुलगी तेव्हा जेमतेम तीन वर्षांची. तिला बर्फावर उभी केली आणि ती पडलीच नाही. चालताना अडखळणारी पोर बर्फावर सरळ उभी राहून आमच्याकडे बघून हसायला लागली.

त्यानंतर ती बर्फाचीच झाली. शाळेत इतर मुलं नेटबॉल खेळायची, ही वर्षभर त्या एका शनिवार-रविवारची वाट बघायची. शहरात बंदिस्त जागेतला बर्फाचा रिंक आहे, तिथे आम्ही तिला नेत होतो, पण त्याला ती "द फ्रिज" म्हणते. डोक्यावर छत, भिंतीवर जाहिराती, तेच तेच गोल. तळ्यावर तिला वाटेल तिकडे जाता यायचं. आई, तिथे आवाज येतो, ती एकदा म्हणाली होती. म्हणजे बर्फाचा आवाज. आतून घुमल्यासारखा. तो आवाज जाड बर्फाचा असतो, असं तेव्हा आम्हाला क्लबातल्या एका बाईंनी समजावलं होतं. गार पडताना तो ताणला जातो आणि गातो. ऐकून बरं वाटायचं.

मग पाटी हिरवी असायचे दिवस कमी व्हायला लागले. एका वर्षी आम्ही पोचलो तर कडेला पाणी, मधे बर्फ. पुढच्या वर्षी पाऊस. जुलैमध्ये, डोंगरात, सरळ पाऊस! जवळच्या स्की फील्डवर यंत्राने पाडलेल्या बर्फाचा एक पांढरा पट्टा आणि दोन्ही बाजूंना तपकिरी डोंगर. मुलगी त्या पट्ट्यावर दोनदा घसरली आणि गाडीत येऊन बसली. बूट भाड्याने देणारी शेड बंद झाली, दारावर कुलूप. क्लबातल्या त्या बाई भेटल्या तेव्हा म्हणाल्या, आता आमची पोरं जहाजाने नाहीतर विमानाने थंडी शोधायला जातात. त्या हसत हसत म्हणाल्या, पण मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

मुलगी तेव्हा तेरा वर्षांची झाली होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. एकदा जेवताना पंचांगवाला जुने फोटो दाखवत होता, त्या हिरव्या पाटीसमोरचे, आणि ती फाडकन म्हणाली, "यू गाइज गॉट द आइस. वी गेट द फोटोज." मी आमटी वाढली. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती, पण कुणावर काढणार? पोर खोटं बोलत नव्हती.

आणि अशात ते अधिक महिन्याचं वर्ष आलं. पंचांगवाल्याने आमच्या सोफ्यावर बसून जाहीर केलं, "ह्या वर्षी गटारी ऑगस्टच्या मध्यात. उत्तम! थंडी चांगली मुरलेली असेल."

"मुरलेली कसली, संपलेली असेल," मी म्हटलं. "जुलैच्या सुरुवातीला जाऊ या. काय मिळायचा तो बर्फ तेव्हाच मिळेल."

"गटारीच्या आधी गटारी कशी करायची?"

"नका करू. बर्फ आधी, मटण नंतर. मटण घरी करू, माझ्या ओट्यावर करू, कोण नाही म्हणतंय?"

"मग ती गटारी कसली!" सगळे हसले. नवराही हसला. पंचांगवाला म्हणाला, "अगं, मागेही एकदा अधिक महिना आला होता. तेव्हा नाही का आपण ऑगस्टात गेलो? कसला दगडासारखा बर्फ होता."

होता. ते खरं होतं, आणि तिथेच माझी पंचाईत झाली. मुलगी चार वर्षांची होती त्या वर्षी आणि ऑगस्टातही तळं पांढरंशुभ्र होतं. मी म्हटलं, "अरे, ते तेव्हा. गेल्या वर्षी जुलैत जाऊनसुद्धा पाणी बघून परत आलो, विसरलास?"

"मग जुलैत जाऊन तरी काय फायदा?" तो म्हणाला.

कपाळ माझं! अमावस्या काही बर्फाला विचारून पडत नाही, एवढं साधं सांगायचं होतं मला. पण मी ते ओरडून सांगितलं, म्हणून ते कुणाच्या कानात शिरलं नाही. वर मुलगी फोन घेऊन आली. तिथलं गेल्या ऑगस्टमधलं रात्रीचं तापमान तिने काढून ठेवलं होतं. "आई, इट गोज बिलो झिरो एव्हरी नाइट. प्लीज." तिचा चेहरा बघून मी ऑगस्टला होकार दिला. माझ्या पोरीने वर्षभर एकाच गोष्टीची वाट बघायची आणि मी तिला नाही म्हणायचं, हे माझ्याच्याने होईना.

निघालो तेव्हा नॉर-वेस्ट सुटला होता. इथल्या लोकांना हा वारा चांगला ठाऊक आहे. डोंगर ओलांडून येतो आणि हिवाळ्यातही अंगावर गरम श्वास सोडतो. मी गाडीची काच खाली केली आणि नवऱ्याला म्हटलं, "हात बाहेर काढ." तो म्हणाला, "गाडी चालवतोय मी." मी म्हटलं, "मुद्दामच काढत नाहीयेस." मागे मुलगी कानात गाणी घालून बसली होती, मांडीवर स्केट्सची पिशवी. पिशवी तिने डिकीत टाकू दिली नव्हती.

क्लबाचं तळं लांबूनच दिसलं. पाणी होतं. निळं, चकचकीत, वर बदकं. फाटकावर पाटीच नव्हती, लाल नाही की हिरवी नाही. रोज बघायची तसदी क्लबाने सोडून दिली असावी. मुलीने एकदा बघितलं आणि पुन्हा फोनमध्ये मान घातली. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी आरशात बघितलं. नवऱ्यानेही बघितलं, आणि मला वाटतं, पुढचं सगळं तिथेच ठरलं.

आम्ही जे घर घेतलं होतं त्याच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या सावलीत, शेतातलं एक तळं होतं. गुरांच्या पाण्यासाठी बांध घालून केलेलं. घरमालकाला पंचांगवाल्याने फोन केला. तो म्हणाला, जाऊन बघायचं तर बघा, बर्फाचं मी काही सांगू शकत नाही. संध्याकाळी सगळे बघून आले. नवरा आला तो हात चोळतच. "गोठलंय," तो म्हणाला. "पूर्ण. टेकडीमुळे तिथे ऊनच पोचत नाही."

"खोल किती आहे?"

"आता ते काय माहीत."

"मग कुणीही जायचं नाही," मी म्हटलं. मुलगी खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. नवरा मला म्हणाला, "तू ना, सगळ्याचं हॉस्पिटल करतेस." मी इथल्या हॉस्पिटलात इमर्जन्सीला नर्स आहे. हो, करते मी सगळ्याचं हॉस्पिटल! सुट्टीच्या दिवशी बाहेर गेलेली माणसं आमच्याकडे कुठल्या अवस्थेत येतात ते मी बघते, तो नाही बघत.

सकाळी मात्र सगळं बदललेलं होतं. रात्रीत वारा पडला होता आणि कडक थंडी पडली होती. गवत पांढरं, गाड्यांच्या काचा पांढऱ्या, श्वास सोडला की वाफ. अशा सकाळी माणसाला वाटतं, काही बिघडलेलं नाही, सगळं पूर्वीसारखंच आहे. मलाही वाटलं. पंचांगवाल्याची बायको मटणाला आलं-लसूण लावून बसली होती, तीही म्हणाली, जाऊ दे गं तिला थोडा वेळ, पोर रात्री रडत रडत झोपली.

आम्ही तळ्यावर गेलो. नवऱ्याने काठावर टाच आपटली, मग धोंडा उचलून टाकला. ठण्ण वाजला, नुसता ओरखडा उठला. तो स्वतः कडेकडेने चालत गेला, उड्या मारल्या. काही झालं नाही. "बघ," तो मला म्हणाला, "माझ्या वजनाला काही होत नाही तर तिला काय होणार?" मी म्हटलं, "तू काठावर उड्या मारतोयस. काठ म्हणजे तळं नव्हे." शेवटी तह झाला. सावलीच्या बाजूने, काठाला धरून, आणि मी इथे उभी असेपर्यंत. पलीकडच्या अंगाला एक वठलेलं झाड होतं, त्याच्यापुढे जायचं नाही. मुलीने मान हलवली. कितीदा हलवली! तिला काहीही विचारलं असतं तरी तिने मान हलवली असती.

ती बर्फावर गेली आणि मी बघत राहिले. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. दोन वर्षांनी ती मोकळ्यावर होती. सुरुवातीला जपून, मग पाय सुटले, मग मागे हात बांधून ती अशी वळणं घ्यायला लागली, की आम्ही हिला जन्म दिला की आणखी कुणी, असं मला वाटलं. तिच्या स्केट्सची खर्र खर्र तेवढी ऐकू येत होती. नवरा माझ्या शेजारी उभा राहून म्हणाला, "आता बोल." मी बर्फाचा आवाज ऐकत होते. तो गात नव्हता. एवढं मला कळत होतं, आणि तरी मी तिला बाहेर बोलावलं नाही, कारण ती हसत होती.

घरून वड्यांच्या तेलाचा वास यायला लागला. पंचांगवाला हाक मारायला आला, नवरा त्याच्याबरोबर गेला, मटणाची चव बघायला त्याला नेहमी बोलावतात. मी एकटी उरले. ऊन टेकडीवरून उतरत तळ्याच्या पलीकडच्या भागापर्यंत आलं होतं. झाडाच्या पुढे बर्फाचा रंग वेगळा दिसायला लागला होता, राखाडी, ओल्या फरशीसारखा. मी ओरडले, "बस आता, बाहेर ये!"

"वन मोअर, आई!"

"नाही! आत्ता!"

ती वळली. खरंच वळली, माझं ऐकूनच वळली, पण वेगात होती आणि वळण मोठं घेतलं. ते वळण तिला झाडाच्या पुढे घेऊन गेलं.

मला आधी आवाज आला. बंदूक उडावी तसा नाही, उलट अगदी बारीक, पापड मोडावा तसा. ती थांबली. तिच्या पायाभोवतीचा बर्फ खाली दबला आणि स्केट्सवर पाणी चढलेलं मला काठावरून दिसलं. ती माझ्याकडे बघत होती. तिचं तोंड उघडं होतं आणि आवाज फुटत नव्हता.

"हलू नकोस!" मी ओरडले. "आडवी हो! पोटावर! हळू, बाळा, हळू. आधी गुडघे टेक."

ती गुडघ्यांवर आली. पुन्हा तो आवाज. आणि मग तिचा आवाज आला, केवढ्याने: "बाबा! बाबा!"

नवरा चढ चढून धावत आला. हाताला मसाला, पायात घरातल्या रबरी चपला. तो थांबला नाही, सरळ बर्फाकडे निघाला, आणि मी त्याच्या अंगावर पडले. दोन्ही हातांनी जाकीट धरलं.

"सोड!"

"नाही."

"सोड, ती आत जाईल!"

"तू गेलास तर नक्की जाईल! तुझं वजन बघ! तुझ्या खाली फुटला की तिच्यापर्यंत फुटेल!"

हे मी विचार करून बोलत नव्हते. आमच्या वॉर्डात नव्या नर्सला पहिल्या दिवशी सांगतात, एका पेशंटचे दोन करू नका. वर्षानुवर्षं ऐकलेलं ते वाक्य माझ्या हातांत होतं, डोक्यात काहीच नव्हतं. तो मला ओढत होता. मी चिखलात बसले, टाचा रोवल्या, जाकिटाची शिवण उसवल्याचं मला कळलं. त्याने माझ्या मनगटावर मारलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याने माझ्यावर कधी हात उगारला नव्हता. तरी मी सोडलं नाही. आणि समोरून ती हाका मारत होती. आई म्हणून नाही, बाबा म्हणून, कारण तो बर्फावर येणारा माणूस होता, लहानपणी पडली की उचलणारा.

"शिडी!" मी मागून धावत आलेल्या पंचांगवाल्याला ओरडून सांगितलं. "घराच्या भिंतीला शिडी आहे, आण!" तो पळाला.

"पोटावर झोप!" मी मुलीला म्हटलं. "हात पुढे पसर. पाय फाकव. आता सरपट. उठायचं नाही, उठलीस तर बघ!" मी तिला दम देत होते. मरणाच्या दारात पोर आणि मी तिला गृहपाठासारखा दम देत होते, पण तिला माझा तोच आवाज ओळखीचा आहे आणि त्या आवाजाचं ती ऐकते. ती झोपली. सरपटायला लागली. एका ठिकाणी तिचा डावा पाय खाली गेला, मांडीपर्यंत. ती किंचाळली. नवऱ्याने असा हिसडा मारला, की मी त्याच्यामागे फरफटत बर्फाच्या कडेपर्यंत गेले. मी त्याच्या पायांना मिठी मारली.

"पाय मागे उचल," मी ओरडले. "पोहताना मारतेस तसा. किक! किक मार!" ती तरणतलावात शिकली आहे, सगळीच मुलं शिकतात इथे. तिने पाय मारला, पाणी उडालं, आणि छातीवर पुढे सरकली. पाय वर आला.

शिडी आली. आम्ही ती बर्फावर आडवी टाकून पुढे ढकलली. पंचांगवाल्याने आणि मी शिडी धरली होती आणि नवऱ्याला तेवढ्यात धावत आलेल्या पंचांगवाल्याच्या बायकोने मागून कमरेला धरून ठेवलं होतं. तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. मुलीचा हात शिडीच्या पहिल्या दांड्यावर पडला, मग दुसरा हात. आम्ही ओढली. काठाजवळ आली तेव्हा बर्फ पुन्हा दगडासारखा झाला होता, तिच्या खाली ठण्ण ठण्ण वाजत होता. किती फसवं! तिथेच तर टाच आपटून बघितली होती आम्ही.

पुढचं मी नर्स म्हणून केलं. ओले कपडे काढले, पाय चोळू दिले नाहीत, ब्लँकेटात गुंडाळलं, कोमट साखरेचं पाणी घोट घोट दिलं. ती थरथर कापत होती, ते चांगलं लक्षण. नवरा भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता आणि रडत होता, तोंड न झाकता. पंचांगवाला दोनदा म्हणाला, "माझं चुकलं गं." मी त्याला म्हटलं, "आत्ता नको." त्याला बोलायला लागले असते तर थांबले नसते. मटण चुलीवर तसंच राहिलं. कुणी जेवलं नाही, आणि दुसऱ्या दिवसाची वाट न बघता आम्ही सामान भरलं.

परतीच्या वाटेवर नवऱ्याने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. माझं मनगट सुजलं होतं, ते मी बाहीत लपवलं होतं. मुलगी मागे ब्लँकेट पांघरून बाहेर बघत बसली होती. मी दर थोड्या वेळाने वळून विचारत होते, पाय दुखतो का, बोटं हलतात का, आणि ती नुसती मान हलवत होती. माझ्याकडे बघत नव्हती. मला वाटलं, घाबरलीय. वाटेत एका गावात पेट्रोल भरायला थांबलो. नवरा उतरून आत पैसे द्यायला गेला. गाडीत आम्ही दोघीच होतो.

"आय सॉ यू," ती म्हणाली.

"काय?"

"यू हॅड हिज जॅकेट. ही वॉज कमिंग अँड यू हेल्ड हिम." ती माझ्याकडे न बघता, काचेकडे तोंड करून बोलत होती.

मी वळले. काय काय सांगायचं होतं मला! वजनाचं, बर्फाचं, वॉर्डातलं. मी म्हटलं, "हो. मीच धरलं."

"आय वॉज कॉलिंग हिम, आई."

"ऐकलं मी."

"अँड यू स्टिल डिडन्ट लेट गो."

"नाही सोडलं. तो आला असता तर बर्फ तुमच्या दोघांच्या खाली..."

"आय नो!" ती ओरडली, अगदी माझ्यासारखी, आवाज चढवून. "आय नो, ओके? आय थॉट अबाउट इट. इफ ही केम, वी वुड बोथ हॅव गॉन इन. आय नो दॅट." आणि मग तिचा चेहरा एकदम लहानपणीसारखा झाला, ओठ बाहेर आला, आणि ती मराठीत म्हणाली, कितीतरी दिवसांनी अख्खं वाक्य मराठीत म्हणाली, "पण मला वाटत होतं, त्याने यावं."

मी सीटचा पट्टा काढला, मधल्या फटीतून कशीबशी मागे गेले आणि तिला जवळ घेतलं. दुकानाच्या काचेतून नवरा रांगेत उभा दिसत होता, उसवलेलं जाकीट घालून.

"मलाही, बाळा," मी म्हटलं. "धरून ठेवलं होतं ना, तेव्हासुद्धा मला वाटत होतं, त्याने माझा हात सोडवून जावं."